अ‍ॅव्हरेज किती देते?



दारात नवी मोटारसायकल उभी राहिली, की पेढा तोंडात पडण्यापूर्वीच पाहुणे विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" औशाच्या बसस्थानकासमोर चहा घेताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी साठ सांगतो, कोणी पासष्ट. गाडीवर रुसलेला एखादा चाळिसावर येतो. यांपैकी कोणालाही पुढचा प्रश्न विचारून पाहा : "हा आकडा तुम्ही काढला कसा?" बहुधा उत्तर येते, "काढायचा कशाला? माहीतच आहे की!"

अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. सरासरी काढायची तर आधी अनेक मोजमापे हवीत, ती लिहून ठेवलेली हवीत आणि त्यांचा हिशेब करायला हवा. आपण मात्र शब्द घेतला आणि त्यातली कृती सोडून दिली. या लेखात मला ती कृती सांगायची आहे. पण त्याहून अधिक एक आग्रह मांडायचा आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगाचे नाभीय अंतर आणि साधा लंबक यांच्या जोडीला एक 'इंधन-वही' असावी, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी माझी स्वतःची एक फजिती सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दर शनिवारी मोटारसायकलची टाकी पूर्ण भरत असे. एका शनिवारी १४० किलोमीटरला २.४ लिटर पेट्रोल बसले. भागाकार केला, तर लिटरला ५८ किलोमीटर. मी खूश झालो. पुढच्या शनिवारीही अंतर १४० किलोमीटरच होते. पेट्रोल मात्र पूर्ण ३ लिटर बसले. म्हणजे लिटरला ४७! एका आठवड्यात अकरा किलोमीटरची घट! मी तेथेच चार माणसांसमोर पंपावरच्या मुलाला म्हणालो, "माप कमी देता तुम्ही." तो मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. तो काही बोलला नाही. आतून पाच लिटरचे शासकीय मुद्रा असलेले माप घेऊन आला आणि माझ्या डोळ्यांदेखत यंत्रातून पाच लिटर सोडले. पातळी खुणेवर बरोबर आली. असे माप प्रत्येक पंपावर असावे लागते आणि ग्राहकाला ते मागण्याचा हक्क आहे. पाच लिटरमागे फार तर २५ मिलिलिटरचा फरक क्षम्य मानतात. येथे तेवढाही नव्हता.

मग पेट्रोल गेले कुठे? घरी येऊन विचार करता उलगडा झाला. पहिल्या शनिवारी गर्दी होती, म्हणून गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असतानाच मी टाकी भरून घेतली. कललेल्या टाकीत पेट्रोल तोंडाशी लवकर येते, त्यामुळे ते कमी बसले. पुढच्या वेळी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी होती. आधीची राहिलेली तूट त्या वेळी भरून निघाली. पहिल्या वेळचे ५८ खोटे आणि दुसऱ्या वेळचे ४७ सुद्धा खोटे. दोन्ही मिळून २८० किलोमीटरला ५.४ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे ५२, हे उत्तर मात्र खऱ्याच्या जवळ होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या मुलाची क्षमा मागितली. वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने एका मोजमापावरून एका माणसावर आरोप केला होता, ही गोष्ट अजूनही मनाला लागून राहिली आहे. पंपावर कधी माप कमी नसतेच, असे मी म्हणत नाही. पण शंका आली तर माप मागावे. आरोप नंतर.

आता कृती पाहू. ती सोपी आहे. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर सरळ उभी करून टाकी भरावी. नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडते तेथेच थांबावे. तोंडापर्यंत भरणे धोक्याचे असते, कारण पेट्रोल तापले की प्रसरण पावते. मग मीटरवरचा आकडा लिहावा. गाडी नेहमीसारखी वापरावी. पुन्हा त्याच पंपावर, तशीच उभी करून तशीच भरावी. जितके लिटर बसले तितके खर्च झाले. किलोमीटरच्या आकड्यातील वाढीला त्या लिटरनी भागावे. काही गॅरेजांत नळीला छोटी बाटली जोडून शंभर मिलिलिटरवर गाडी किती धावते ते पाहतात. पेट्रोल हाताळण्याचा हा प्रकार तुम्ही मुळीच करू नका. शिवाय तुम्ही परवान्याच्या वयाचे नाही, तेव्हा गाडी घरातल्या मोठ्यांनी चालवायची. तुमच्याकडे फक्त वही.

यात चूक किती राहते, हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. समजा, भरण्याच्या पातळीत एकूण १०० मिलिलिटरचा फरक पडू शकतो. तुम्ही ५० किलोमीटर जाऊन १ लिटर भरलेत, तर खरा खर्च ०.९ ते १.१ लिटर यांच्या दरम्यान कितीही असू शकेल. म्हणजे उत्तर ४५ पासून ५५ पर्यंत कोठेही! त्याऐवजी २५० किलोमीटर जाऊन ५ लिटर भरलेत, तर तोच १०० मिलिलिटरचा फरक पाच लिटरमध्ये विभागला जातो आणि उत्तर ४९ ते ५१ यांच्या दरम्यान येते. चूक तेवढीच राहिली, पण तिचे वजन पाचपट घटले. लंबकाचे एकच आंदोलन न मोजता आपण वीस आंदोलनांचा वेळ मोजतो, तो याच कारणाने.

किलोमीटरचा आकडा तरी खरा कशावरून? मीटर अंतर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला किंवा त्यातली हवा कमी झाली, की चाकाची परिणामी त्रिज्या घटते. तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर वाढीव अंतर दाखवतो. औशाहून लातूर सुमारे वीस किलोमीटर आहे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहून वीस किलोमीटरला मीटर किती दाखवतो, ते एकदा तपासा. त्याने २०.६ दाखवले, तर तुमच्या गाडीचा प्रत्येक आकडा तीन टक्क्यांनी फुगलेला आहे, हे ओळखा. नव्या गाड्यांच्या पडद्यावर लिटरमागचे किलोमीटर आयतेच झळकतात. तो हिशेबही इंजेक्टरमधून किती वेळ इंधन सुटले यावरून केलेला असतो. त्याचीही परीक्षा वहीनेच होते.

मोजमापे जमली, की सरासरीचा प्रश्न येतो. एकदा १२० किलोमीटरला लिटरमागे ६० पडले आणि दुसऱ्यांदा तेवढ्याच अंतराला ४०. सरासरी किती? वर्गात विचारले, तर सगळे हात वर होतात : पन्नास! करून पाहा. पहिल्या वेळी २ लिटर लागले, दुसऱ्या वेळी ३. एकूण २४० किलोमीटर आणि ५ लिटर, म्हणजे ४८. नियम लक्षात ठेवा : आकड्यांची सरासरी काढायची नाही, एकूण किलोमीटरला एकूण लिटरनी भागायचे. यात आणखी एक लाभ आहे. मधल्या भरण्यांतील कमीजास्त परस्पर फिटते आणि केवळ पहिल्या व शेवटच्या भरण्याची चूक उरते. माझे ५८ आणि ४७ एकत्र येताच ५२ झाले, ते असेच.

किलोमीटर-प्रति-लिटर हे परिमाणही थोडे फसवे आहे. एका घरात एक जीप आहे, ती लिटरला १० देते. एक मोटारसायकल आहे, ती ५० देते. दुरुस्तीनंतर जीप १२ देऊ लागली आणि मोटारसायकल ६०. मोठी बचत कोणाची? दहाची वाढ दोनच्या वाढीहून मोठी दिसते. पण १२०० किलोमीटरचा हिशेब करा. जीपला १२० लिटर लागत, आता १०० लागतील. वाचले २० लिटर. मोटारसायकलला २४ लागत, आता २० लागतील. वाचले ४ लिटर. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या प्राध्यापकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की सुशिक्षित माणसेही या आकड्याने चकतात. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असा उलटा हिशेब ठेवतात. वहीत दोन्ही रकाने असावेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी काळजी घेऊनही दर वेळी उत्तर वेगळे येते, ते का? कारण रस्त्यावर परिस्थिती रोज वेगळी असते. इंधनाची ऊर्जा घर्षण, चढ, ब्रेक आणि हवेचा विरोध यांत खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात, तर वेग दीडपट होतो, विरोध मात्र सव्वादोनपट. वाऱ्याचेच पाहा. तुमचा वेग ताशी ४५ आहे आणि वारा ताशी १५ ने समोरून येतो आहे. हवेच्या दृष्टीने तुम्ही ६० ने चालला आहात. परतताना तोच वारा पाठीमागून येतो, म्हणजे तुम्ही ३० ने चालला आहात. जाताना सोसले ते येताना फिटले, असे वाटते. पण वर्ग करून पाहा. ६० चा वर्ग ३६००, ३० चा ९००. दोहोंची सरासरी २२५०. वारा नसता, तर ४५ चा वर्ग २०२५ झाला असता. म्हणजे जाऊन येऊनही हवेचा विरोध अकरा टक्क्यांनी जास्तच पडला! उन्हाळ्यात मोकळ्या माळावरून जाणाऱ्या आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट क्षुल्लक नाही.

मग जाहिरातीत छापलेला आकडा खोटा म्हणायचा काय? येथे घाई करू नका. गाड्यांची अशी चाचणी घेणारी देशातील एक प्रमुख संस्था पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ मध्ये ती स्थापन झाली. तेथे गाडी रस्त्यावर न धावता जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर धावते. वेग केव्हा वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे सेकंदासेकंदाला ठरलेले असते. इंधनाचा खर्च टाकी भरून नव्हे, तर धुरात किती कार्बन आला यावरून काढतात. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते, पण ते जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाढीव वजन हवेतील ऑक्सिजनचे. टाकीत गेलेला कार्बन धुरातून बाहेर पडलाच पाहिजे, या साध्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. वारा नाही, खड्डे नाहीत, मागे बसलेला मित्र नाही आणि बियाण्याचे पोतेही नाही. दोन गाड्यांची तुलना करायची, तर परिस्थिती सारखी ठेवावीच लागते. तो आकडा 'कोणती गाडी अधिक काटकसरी' या प्रश्नाचे उत्तर आहे. 'माझ्या घरी महिन्याला किती पेट्रोल लागेल' हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर तुमच्याच वहीत मिळेल. युरोपातही हेच दिसले. तेथे २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्चाची नोंद ठेवणारी व्यवस्था आवश्यक केली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केले, की पेट्रोल-डिझेलच्या मोटारींचा रस्त्यावरचा खर्च चाचणीतल्या खर्चाहून सुमारे वीस टक्के अधिक आहे.

अशी वही ठेवणारे लोक आपल्याकडेही आहेत. औशाला एस.टी.चे आगार आहे. एस.टी. महामंडळात डिझेलचा हिशेब 'के.पी.टी.एल.' या परिमाणात ठेवतात, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर. हा आकडा ४५ चा ४६ झाला, तर कोणाला त्याचे विशेष वाटणार नाही. पण समजा, एक बस दिवसाला ३०० किलोमीटर धावते. मग एका बसमागे रोज जवळजवळ दीड लिटर डिझेल वाचते, आणि एस.टी.च्या गाड्या हजारोंनी आहेत. एवढ्याशा फरकावर जेथे लक्ष ठेवायचे असते, तेथे अंदाज चालत नाही.

या सगळ्याची आज विशेष गरज का, तेही सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये आपल्या देशाने वीस टक्क्यांपर्यंत नेले. आपला लातूर जिल्हा उसाचा. इथेनॉल हा आपल्या शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. एकीकडे कोणी म्हणतो, "अ‍ॅव्हरेज पार पडला." दुसरीकडे कोणी म्हणतो, "काहीच फरक नाही." दोघेही तावातावाने बोलतात. हिशेब काय सांगतो? एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिश्रणात ती २९.८ च्या आसपास येते, म्हणजे सात टक्क्यांनी कमी. इंजिनाची रचना इथेनॉलला जुळवून घेणारी असेल, तर यातली काही तूट भरून निघते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिला आहे. लिटरला ५२ देणाऱ्या दुचाकीला ४ टक्के म्हणजे दोन किलोमीटर. ज्या माणसाच्या मोजमापात नुसत्या स्टँडमुळे अकरा किलोमीटरचा फरक पडतो, त्याने या दोन किलोमीटरांविषयी छातीठोकपणे काय सांगावे? पूर्वीची वही असती, तर सांगता आले असते. ती आपल्यापैकी फारच थोड्यांकडे आहे. पुढे इंधन पुन्हा बदलेल, त्या वेळी तरी ती असावी.

आता शिक्षकांसाठी दोन शब्द. आपल्या प्रयोगशाळेत काय चालते, ते आपण जाणतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यायला हवे, हे मुलांना आधीच ठाऊक असते. ९१० आले, तर ते खोडून ९७८ लिहितात. कधी निरीक्षणेच उत्तरावरून मागे मोजत येतात. यात दोष केवळ मुलांचा नाही. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले आहे, ते मोजण्याची ओढ कोणाला वाटणार? इंधन-वहीचे उत्तर कोठेही छापलेले नाही. ते गुरुजींनाही ठाऊक नाही. म्हणून तेथे खोडाखोड करण्यात काही लाभ नाही आणि प्रत्येक विचित्र आकड्याचे कारण शोधावे लागते. विज्ञान म्हणतात ते याहून वेगळे नाही.

कोणी म्हणेल, हे अभ्यासक्रमात नाही. पण अपूर्णांक, सरासरी, आलेख, घर्षण, ऊर्जा हे सारे अभ्यासक्रमात आहेच. कोणी म्हणेल, प्रत्येक मुलाच्या घरी गाडी नसते. खरे आहे. त्याने शेजारच्या रिक्षाची किंवा दूधवाल्याच्या गाडीची वही ठेवावी. तेही न जमल्यास घरच्या गॅसच्या टाकीवर तारीख लिहावी. तीत १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. तो किती माणसांना किती दिवस पुरला, हाही तितकाच चांगला प्रयोग आहे.

वहीत रकाने थोडेच ठेवा : तारीख, मीटरचा आकडा, भरलेले लिटर, टायरमधील हवा आणि शेरा. शेऱ्यात ओझे, वारा, रस्ता, घाट, जे सुचेल ते लिहा. नियम एकच कडक पाळा : लिहिलेली नोंद खोडायची नाही. आकडा पटला नाही, तर शेऱ्यात शंका लिहा आणि पुढे चला. वाईट दिवस गाळून टाकले, तर उरते ती सरासरी नव्हे, ती जाहिरात.

वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी सहा महिने अशा वह्या ठेवल्या, तर आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर गाड्या खरोखर किती धावतात, हे तुम्हाला कळेल. ही माहिती तुम्हाला कोणतेही पुस्तक देणार नाही. मग चहाच्या टपरीवर कोणी विचारले, "अ‍ॅव्हरेज किती देते?" तर लगेच आकडा सांगू नका. म्हणा, "थांबा, वही आणतो."